बाबासाहेबांची फारसी आणि आपली पाली

जयंतीच्या भाषणांत एक प्रसंग हमखास सांगितला जातो. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये भीमरावांना संस्कृत शिकायची होती, शिक्षकाने अस्पृश्य म्हणून नकार दिला आणि त्यांना नाइलाजाने फारसी घ्यावी लागली. श्रोते संतापतात, वक्ता पुढच्या मुद्द्याकडे वळतो. संताप रास्तच आहे. पण ही गोष्ट आपण शंभर वर्षे अर्धीच सांगत आलो आहोत. त्या फारसीचे पुढे काय झाले, हे कोणी विचारत नाही.

पुढे असे झाले की, बाबासाहेबांनी ती फारसी सोडली नाही. एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए.ला त्यांचे विषय होते इंग्रजी आणि फारसी. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, कायदा हे सगळे नंतर आले. म्हणजे ज्यांना आपण अर्थतज्ज्ञ आणि कायदेपंडित म्हणून ओळखतो, त्यांची पहिली पदवी परक्या मुलखांच्या भाषा आणि वाङ्मयाची आहे. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६ असे अभ्यासक्रम घेताना त्यांनी फ्रेंच आणि जर्मनचाही प्रत्येकी एक प्राथमिक अभ्यासक्रम घेतला. १९२१ साली जर्मनीत बॉन विद्यापीठात नाव नोंदवले. जी संस्कृत शाळेने नाकारली, ती स्वतःच्या बळावर शिकले. आणि राजकारणाच्या धबडग्यातून वेळ काढून त्यांनी पालीचे व्याकरण आणि पालीचा शब्दकोश रचला. महाराष्ट्र शासनाने तो १९९८ साली त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात छापला. हा जाडजूड खंड आपल्या किती विहारांत आहे आणि असला तर किती वेळा उघडला गेला आहे, हे ज्याने त्याने आपापल्या गावी पाहावे.

माझे म्हणणे सरळ आहे. पाली हा विषय आपण दोन खोक्यांत कोंडून ठेवला आहे. एक खोका वंदनेचा, दुसरा मार्कांचा. त्रिशरण-पंचशील तोंडपाठ असले की पाली आली, आणि बी.ए.ला गाइड वाचून मार्क मिळाले की पाली झाली. प्रत्यक्षात पाली म्हणजे श्रीलंकेपासून ब्रह्मदेश, थायलंड, कंबोडियापर्यंतच्या एका अवाढव्य मुलखाची किल्ली आहे. चिनी आणि जपानीची जोड दिली तर ती किल्ली थेट पूर्व समुद्रापर्यंत चालते. ती पदवीच्या वयातच हाती घ्यावी लागते. भाषा तिशीनंतर येत नाही असे नाही, पण नोकरी, संसार आणि मोर्चे सांभाळून चिनी अक्षरे गिरवणारे मी तरी फार पाहिलेले नाहीत.

परक्या मुलखाच्या भाषा शिकणे हा हौसेचा प्रकार आहे, असे आपल्याकडे समजले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. इंग्रजांनी १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले ते कंपनीच्या साहेबांना इथल्या भाषा याव्यात म्हणून. तिथे शिकवणाऱ्या विल्यम कॅरेने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले. १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला. लंडनमध्ये प्राच्यविद्येची स्वतंत्र संस्था १९१६ साली स्थापन झाली, तेव्हा साम्राज्याला आशिया-आफ्रिकेत माणसे पाठवायची होती. रशियाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेने १९५८ साली जो शिक्षण कायदा केला, त्याचे नावच ‘राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा’ होते आणि त्यातून परदेशी भाषा व प्रदेश-अभ्यासाच्या केंद्रांना पैसा मिळाला. ज्याला राज्य करायचे असते तो दुसऱ्याची भाषा शिकतो. आपल्या वाट्याला मात्र कायम अभ्यासला जाण्याचे काम आले. आपल्यावर प्रबंध लिहिणारे आपल्या वस्तीत येतात, चहा पितात, मुलाखत घेतात आणि जातात. आपल्यातला कोणी जपानच्या एखाद्या वस्तीत जाऊन तसाच प्रबंध लिहील, ही कल्पनाच आपल्याला विनोदी वाटते.

आपल्याच जिल्ह्यातून एक उदाहरण घेऊ. तेरणा नदीकाठचे तेर हे आज संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून सर्वांना माहीत आहे. दोन हजार वर्षांपूर्वी ते तगर नावाचे मोठे शहर होते. हे आपल्याला कुठून कळते? ‘पेरिप्लस’ नावाच्या पहिल्या शतकातल्या ग्रीक पुस्तकातून. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे शहर आहे, तिथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जाते, असे त्या अनाम व्यापाऱ्याने नोंदवले आहे. टॉलेमीच्या भूगोलातही तगर आहे. उत्खननात इथे विटांचा स्तूप निघाला. गावातले त्रिविक्रमाचे देऊळ मागच्या बाजूला अर्धगोल आहे, थेट चैत्याच्या घडणीचे, आणि ते मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे असे हेन्री कझिन्सने शंभर वर्षांपूर्वीच लिहून ठेवले. तिथल्या लामतुरे संग्रहालयात शाळेच्या सहली जातात. मुले काचेमागची हस्तिदंती बाहुली पाहतात, पाटी वाचतात, डबा खाऊन परत येतात. ज्या कागदावर आपल्या गावाचे नाव लिहिले आहे तो ग्रीकमध्ये आहे, स्तूप बांधणाऱ्यांचा धम्म पालीत आहे, आणि सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन गेलेल्या ह्युएन त्संगचे प्रवासवर्णन चिनीत आहे. ग्रीक पुस्तक आपण इंग्रजीतून वाचतो. ह्युएन त्संग आधी फ्रेंचमध्ये गेला, मग इंग्रजीत आला, मग तुकड्यातुकड्याने मराठीत. स्वतःच्या गावाचा इतिहास तिसऱ्या हाताने!

मूळ भाषा आल्याने नेमका काय फरक पडतो, हे पाहायचे तर धर्मानंद कोसंबींकडे जावे लागते. गोव्यातल्या साखवाळ गावचा हा सारस्वत तरुण. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी वाचले आणि त्याला ध्यास लागला. पण बुद्ध शिकवणारा माणूस पुण्यात नव्हता, काशीतही नव्हता. काशीत संस्कृत शिकून, नेपाळ पाहून तो १९०२ साली सिंहलद्वीपात पोचला, तिथल्या विद्योदय विद्यालयात पाली शिकला, पुढे ब्रह्मदेशात राहिला. बुद्धाच्या देशातल्या माणसाला बुद्ध शिकायला समुद्र ओलांडावा लागला. परतल्यावर सयाजीराव महाराजांनी त्यांना महिना ५० रुपये दिले. याच महाराजांनी भीमरावांना कॉलेजसाठी महिना २५ रुपये आणि नंतर कोलंबियाची शिष्यवृत्ती दिली, हे लक्षात घ्या. १९१२ पासून कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पु. वि. बापट त्यांचेच विद्यार्थी. बापटांनी पुढे चिनी आणि तिबेटीही शिकून पाली ग्रंथांची चिनी ग्रंथांशी ताडणी केली.

याचे फळ पाहा. सिद्धार्थाने म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहिला आणि घर सोडले, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. कोसंबींनी ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात मूळ सुत्ते समोर ठेवली आणि दाखवले की दीघनिकायात ही कथा विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाविषयी आहे, ती गोतमाला नंतर चिकटवली गेली. सुत्तनिपातातल्या अत्तदण्ड सुत्तात गोतम स्वतः वेगळेच सांगतो. आटत्या पाण्यातल्या माशांसारखी एकमेकांशी झगडणारी माणसे पाहून त्याला भय वाटले. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये चार दृश्यांची कथा नाकारली आणि शाक्य-कोलियांमधला रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. प्रेत पाहून घाबरलेला राजपुत्र आणि पाण्यावरून होणाऱ्या युद्धाला विरोध करणारा शाक्यसंघाचा सभासद, हे दोन वेगळे बुद्ध आहेत. चवदार तळ्याच्या वारसांना कोणता बुद्ध जवळचा, हे सांगायला नको. पण जो पाली वाचू शकतो तोच या वादात उभा राहू शकतो. बाकीच्यांना कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. इथे एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. कोसंबी-बापट यांचे ऋण मान्य करूनही, त्यांना पालीकडे जायला संस्कृतची शिडी आयती मिळाली होती. आपल्या माणसाच्या पायाखालून तीच शिडी शाळेत काढून घेतली गेली होती.

म्हणूनच बाबासाहेबांनी संस्था काढताना नावेसुद्धा विचार करून दिली. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला पुढे मिलिंद नावाने ओळखले गेलेले कॉलेज आणि भोवतीचा परिसर नागसेनवन. मिलिंद म्हणजे मिनँडर, ग्रीक राजा. नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्खू. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यातल्या पहिल्या पिढीच्या पोरांसमोर त्यांनी एका परदेशी राजाचा आणि देशी भिक्खूचा संवाद आदर्श म्हणून ठेवला. स्वतः १९५० ला श्रीलंकेत कॅण्डीला आणि १९५४ ला रंगूनला जागतिक बौद्ध परिषदांना गेले. त्यांच्या नजरेचा आवाका पूर्वेकडे असा पसरलेला होता.

आणि आपला? आपल्याला अमेरिका माहीत आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, १९७२ ला ब्लॅक पँथरवरून दलित पँथर झाली, हे आपला कार्यकर्ता झोपेतही सांगेल. कारण ते सगळे इंग्रजीत आहे. आता पूर्वेकडे पाहा. जपानमध्ये मेलेली जनावरे ओढणारा, कातडे कमावणारा एक समाज होता. त्याला ‘एता’ म्हणत. ज्या अक्षरांत हा शब्द लिहीत त्यांचा अर्थच ‘विटाळाने भरलेला’. वस्ती वेगळी, लग्नसंबंध बंद. १८७१ साली सरकारने फतवा काढून हा दर्जा रद्द केला, पण भेदभाव तसाच राहिला. आज त्यांना बुराकू म्हणतात. ३ मार्च १९२२ रोजी या लोकांनी क्योतोत ‘सुइहेइशा’ म्हणजे समतेची संघटना स्थापन केली. पुढच्याच वर्षी कोरियात, जिंजू शहरात, खाटीककाम करणाऱ्या ‘पेकजंग’ समाजासाठी ‘ह्यंगप्यंगसा’ उभी राहिली. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२७ ला महाड. पाच-सहा वर्षांत आशियाच्या तीन कोपऱ्यांत तीन अस्पृश्य समाज उठले. मी समाजशास्त्रात एम.ए. केले. जातीच्या पेपरला घुर्ये होते, श्रीनिवास होते, फ्रान्सचे ड्युमाँ होते. बुराकू हा शब्द मात्र वर्गात एकदाही ऐकला नाही. जात ही फक्त हिंदू मनाची करामत आहे की जमीन, मृत्यू आणि मळ यांभोवती सत्ता उभारणाऱ्या दुसऱ्या समाजांतही ती घडते, हा प्रश्न जपानी-कोरियन कागद वाचल्याशिवाय सुटणार नाही. तो सोडवण्यात आपल्याइतका रस दुसऱ्या कोणाला असणार?

यातला सर्वांत अवघड भाग पुढेच आहे. जपान बौद्ध देश. तिथे माणूस मेल्यावर भिक्षू त्याला मरणोत्तर धम्मनाम देतो आणि ते थडग्यावर कोरले जाते. कित्येक मंदिरांनी बुराकू मृतांच्या नावात ‘जनावर’ अशा अर्थाची अक्षरे घातली. जिवंतपणी विटाळ, मेल्यावरही पाटी! ज्याला ती अक्षरे वाचता येत नाहीत त्याला ते थडगे सुंदरच दिसणार. १९७९ साली जपानच्या सोतो झेन पंथाचे प्रमुख पदाधिकारी माचिदा यांनी एका जागतिक धर्म परिषदेत असा भेदभाव जपानात नाहीच असे सांगितले. बुराकू संघटनांनी त्यांना जाब विचारला आणि शेवटी पंथाला माफी मागून आपली दफ्तरे तपासावी लागली. सुइहेइशाचा जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची हा स्वतः एका बुराकू वस्तीतल्या बौद्ध मंदिराच्या पुजाऱ्याचा मुलगा होता. संघटनेने पहिल्याच वर्षी होंगान्जी पंथाला ठणकावले की वीस वर्षे आमच्याकडे देणगी मागायला येऊ नका.

श्रीलंकेतही तेच. १७५३ साली सयामी भिक्खूंच्या मदतीने तिथे उपसंपदा पुन्हा सुरू झाली, आणि पुढे त्या सियाम निकायाचे दार फक्त गोविगम या वरच्या जातीसाठी उघडे राहिले. मग खालच्या मानलेल्या जातींचे भिक्खू जहाजाने ब्रह्मदेशात अमरपुऱ्याला गेले, १८०० साली तिथे उपसंपदा घेतली आणि परत येऊन अमरपुर निकाय उभा केला. देशात जातीने दार लावले तर समुद्रापलीकडून दीक्षा आणली.

हे लिहिले की आपल्यातले काही जण नाराज होतात. विरोधकांच्या हातात कोलीत कशाला देता, म्हणतात. मला उलट वाटते. बौद्ध देशांत सहलीला जाऊन मूर्तीसमोर फोटो काढणारा आपला माणूस तिथल्या जातीविषयी काहीच बोलत नाही, कारण त्याला काही दिसतच नाही. बाबासाहेबांनी धम्म स्वीकारताना परंपरेने दिलेले जसेच्या तसे घेतले नाही, त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. ती चिकित्सा फक्त भारतापुरती ठेवायची कशी? सिंहली येणारा आपला मुलगा कोलंबोत बसून भिक्खूंना जातीचा प्रश्न विचारेल, तेव्हा नवयानाला बौद्ध जगात आज नाही ती जागा मिळेल. आज आपण तिथे पाहुणे म्हणून जातो.

आता पालीच्या दुर्दशेकडे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतून २०१३ साली पाली साहित्य हा वैकल्पिक विषय काढला गेला. त्यावर निवेदने गेली, पण चळवळीने जेवढे पेटून उठायला हवे होते तेवढे काही झाले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगालीला अभिजात दर्जा दिला. पेढे वाटले गेले. दर्जाने शिक्षक येत नाही. पाली शिकवणारा पूर्णवेळ प्राध्यापक नसेल तर अभिजात भाषाही तासिका तत्त्वावरच जगणार.

फारसीकडे परत येतो, कारण मराठवाड्यात ती जुनी गोष्ट नाही. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद झाली, बाबासाहेब आले. वतन हा शब्दच अरबी-फारसीतून आलेला. इनाम, जमाबंदी, मुंतखब, सगळे तिथलेच. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत आहेत. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. ज्या समाजाला आपल्या नोंदींची गरज वाटली त्याने वाचणारे मिळवले. हाडकी-हाडवळ्याच्या जमिनी कोणाच्या नावावर कशा गेल्या, हे सांगणारे कागदही त्याच लिपीत पडून आहेत. त्यासाठी परदेशी जायला नको, उर्दू पुरे आहे. ती तर आपल्या शेजारच्या मोहल्ल्यात बोलली जाते.

‘आधी भाकरी, मग भाषा’ हा आक्षेप मी वस्तीत रोज ऐकतो आणि तो हलक्यात घेत नाही. वसतिगृहाचा भत्ता सहा महिने थकलेल्या मुलाला कोरियन शीक म्हणणे सोपे नाही. पण जपानी, कोरियन, जर्मन जाणणाऱ्यांना पुण्याच्या कंपन्यांत काम मिळते, हे तिथल्या मध्यमवर्गीय घरांना फार आधी कळले. आपल्या पोरांना डी.एड., बी.एड., पोलीस भरती आणि एमपीएससी यापलीकडची वाट कोणी दाखवलीच नाही.

आणखी एक धोका नीट समजून घ्या. केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी असते. २०२२ साली तिच्या नियमांत बदल करून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. म्हणजे अनुसूचित जातीच्या मुलाने सरकारी पैशाने परदेशात जाऊन जातीवर लिहू नये. या नियमाविरुद्ध लढलेच पाहिजे. पण सुइहेइशावर, सियाम निकायावर, कोरियाच्या पेकजंगांवर लिहायला या नियमाची आडकाठी नाही. त्यासाठी मात्र ती भाषा पदवीपर्यंत झालेली असावी लागते. बी.ए. इतिहास करून ऐनवेळी जपानचा विषय घेता येत नाही.

तेव्हा बारावीत असलेल्यांसाठी थोडे कामाचे. दिल्लीच्या जेएनयूत जपानी, कोरियन, चिनी, फारसी, अरबी यांत थेट बी.ए. ऑनर्स करता येते आणि भाषा शून्यापासून शिकवतात. प्रवेश सीयूईटीतून होतो. हैदराबादच्या इफ्लू विद्यापीठातही परदेशी भाषांत बी.ए. आहे, आणि धाराशिवच्या मुलाला हैदराबाद दिल्लीपेक्षा कितीतरी जवळ आहे. ज्यांना इथेच राहायचे आहे त्यांनी बी.ए.ला पाली घ्यावी, पण गाइड बाजूला ठेवून वर्षभरात निदान सुत्तनिपाताचा एक वग्ग मूळातून लावावा, सोबत उर्दू किंवा सिंहलीची लिपी गिरवावी. पुढे आपल्या विद्यापीठात पाली विभाग आहे, नालंदा आहे, श्रीलंकेत स्वतंत्र बौद्ध आणि पाली विद्यापीठ आहे. आणि विहारातल्या कार्यकर्त्यांनी रविवारच्या वंदनेनंतरचा अर्धा तास शब्दार्थाला द्यावा. सीयूईटीचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी, उन्हाळा लागता लागताच भरावे लागतात. आमच्याकडे मुले विचारायला येतात ती जूनमध्ये, पेढे घेऊन, आणि तोवर त्या वर्षीची दारे बंद झालेली असतात.